एरंडेल तोंडाला लावण्याआधी

अगं चिमे, तुझे प्रश्न वाचले. सासूबाईंनी एरंडेलाची बाटली आणून ठेवली आहे, तुला नववा लागलाय, जाऊबाई म्हणतात तारीख उलटली तर गरम दुधातून दोन चमचे घे, शेजारच्या काकू म्हणतात केसांना लाव, आणि तू स्वतः कुठलं तरी रील बघून बेंबीत तेल सोडायला निघाली आहेस. सगळ्यांचं एकदम उत्तर देते. केसांचं नंतर बघू, बेंबीचं सोडून दे, आणि पोटात मात्र एक थेंबही जाता कामा नये. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि त्या 'घे' म्हणतील असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, ताई, तू स्वतः मेडिकलच्या दुकानात बसतेस, एरंडेलाच्या बाटल्या विकतेस आणि मलाच नको म्हणतेस? विकते म्हणूनच म्हणते गं. एरंडेल मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, "कशाला हवंय?" डाळीला, टाचांना, देवाच्या दिव्याला म्हणाले की बाटली पुढे करते. "घरात बाळंतीण आहे" किंवा "आईचं पोट कालपासून दुखतंय" असं म्हणाले की बाटली हातातच ठेवते आणि बोलायला लागते. लोक घड्याळ बघतात, एरंडाचं गुऱ्हाळ लावलं म्हणतात. म्हणू देत.

आपल्याला लहानपणापासून वाटत आलंय की एरंडेल म्हणजे नुसतं वंगण. आतडं बुळबुळीत करतं आणि सगळं घसरून खाली येतं. तसं ते नाही. तेल लहान आतड्यात पोचलं की तिथले पाचकरस ते फोडतात आणि त्यातून रिसिनोलेइक आम्ल सुटतं. एरंडेलातल्या स्निग्धाम्लांत ८५ ते ९० टक्के हेच असतं. ते आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी३ नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं आणि स्नायू आवळायला लागतात. जर्मनीत बाड नाउहाइमला माक्स प्लांक संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली हे उंदरांवर दाखवून दिलं. ज्या उंदरांत तो रिसेप्टरच नव्हता, त्यांना एरंडेल पाजून काही झालं नाही. आता पुढचं नीट ऐक. हाच रिसेप्टर गर्भाशयाच्या स्नायूंवरही असतो.

म्हणजे जाऊबाई खोटं सांगत नाहीयेत. जुन्या सुइणी उगाच एरंडेल पाजत नसत; कळा खरंच येऊ शकतात. अडचण अशी की त्या किती येतील, किती जोराच्या येतील आणि नको झाल्या तर थांबतील का, हे कुणाच्याच हातात राहत नाही. दवाखान्यात कळांचं सलाइन लावतात ना, ते थेंब मोजून लावतात, बाळाचे ठोके बघत राहतात, जास्त झालं तर सलाइन बंद करतात. पोटात गेलेलं एरंडेल बंद करायला बटण नाही. वर जुलाब आणि उलट्या. कॉक्रेन नावाची संस्था जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासते. त्यांनी २०१३ साली ३ प्रयोगांतल्या २३३ बायकांची माहिती पाहिली. एरंडेलाने सिझेरियन टळतात असं काही दिसलं नाही. एक गोष्ट मात्र स्वच्छ दिसली, ज्यांनी ज्यांनी एरंडेल घेतलं त्या झाडून सगळ्यांना मळमळलं! बाळंतपणाच्या दाराशी उभी असलेली बाई रात्रभर संडासच्या फेऱ्या मारून, पाणी निघून जाऊन, गळून गेलेली असेल तर जोर कुठून लावणार?

आणि तारीख उलटली म्हणजे आभाळ कोसळलं असं नसतं. ४० आठवडे हा अंदाज असतो. बाळ आणि आई ठीक असतील तर डॉक्टर साधारण ४१ आठवड्यांपर्यंत वाट बघतात, मग कळा सुरू करायचं ठरवतात. तू फक्त बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेव. ती कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, तर घरातल्या कुणाच्या परवानगीची वाट न बघता निघायचं.

सासूबाईंना काय सांगायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे, मला कळतंय. वाद घालू नकोस. "डॉक्टरांनी पोटातून कसलंही तेल घेऊ नको असं बजावलंय" म्हण, आणि पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर घेऊन जा. त्यांच्यासमोर डॉक्टरीणबाईंना विचार. डॉक्टरांच्या तोंडून आलेलं त्या ऐकतील, तुझ्या तोंडून आलेलं म्हणजे शिकलेल्या सुनेचा आगाऊपणा. बाटली परत देऊ नकोस, मनाला लागेल. तिला भरपूर काम आहे, सांगते पुढे.

बाळ झाल्यावर दुसरी फेरी सुरू होईल, त्याची आतापासून तयारी ठेव. "पोट साफ व्हायला हवं" म्हणून महिन्याच्या बाळाला एरंडेल चाटवायची पद्धत आपल्याकडे घरोघर होती. आपल्या आईनेही केलंय. पण अंगावर पिणाऱ्या बाळाला कधीकधी चार-पाच दिवस शी होत नाही. ते मजेत पीत असेल, पोट मऊ असेल, शी झाली तेव्हा ती मऊ असेल, तर त्याला काहीएक झालेलं नसतं. पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. तेलाची वेगळी भीती म्हणजे ते श्वासनलिकेत उतरताना ठसका लागेलच असं नाही. पाणी गेलं तर बाळ खोकतं, तेल गुपचूप फुप्फुसात जाऊन बसतं आणि तिथे न्यूमोनिया करतं. त्यामुळे नाकात तेलाचे थेंब, घसा मोकळा करायला बोटाने तेल, हे आंघोळ घालणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी गोड बोलून बंद करायला लाव. मालिश खुशाल करू देत. पण त्याला साधं खोबरेल बरं. एरंडेल इतकं चिकट की ते जिरवायला मावशी बाळाला रगडतात.

काजळाचंही सांगून टाकते. आजी एरंडेलाचा दिवा लावून वर तांब्याचं ताम्हन पालथं घालायची, काजळी धरली की ती खरवडून त्याच तेलात खलायची. विकतच्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलंय, त्या मानाने हे बरं म्हणता येईल. तरी बाळाच्या डोळ्यात बोट घालून काजळ घालू नको. जंतू बोटाबरोबर जातात. दृष्ट लागायचीच भीती असेल तर तळपायाला टिकली लाव, सासूबाईंचंही समाधान. कुणी सांगेल की कोरड्या डोळ्यांच्या औषधात एरंडेल असतं. असतं, खरंय. पण ते निर्जंतुक केलेलं, ठरावीक प्रमाणात मिसळलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या बाटलीतलं ते नव्हे.

आता विषाचं. तू लिहिलंस की गूगलवर 'एरंड' टाकल्यावर सगळं भयंकरच वाचलंस. त्यातलं बरंच खरं आहे, फक्त ते बीचं आहे, तेलाचं नाही. एरंडाच्या बीत रिसिन नावाचं प्रथिन असतं. १९७८ साली लंडनमध्ये गिओर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाला ज्याने मारलं, ते हेच. मांडीत टोचलेली छर्ऱ्याएवढी गोळी पुरली. पण रिसिन पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. बी पिळली की ते पेंडीत राहतं, आणि जे काही चुकून तेलाबरोबर येईल ते उष्णतेने निकामी होतं. आपल्या जुन्या बायका एरंड्या भाजून, कुटून, पाण्यात रटरटा उकळून वर तरंगलेलं तेल काढून घेत. त्यांना प्रथिन-बिथिन ठाऊक नव्हतं, पद्धत मात्र चोख होती. म्हणूनच हल्ली 'कच्च्या घाण्याचं, न गाळलेलं, अगदी नैसर्गिक' म्हणून जे एरंडेल विकतात, ते मला पोटात घ्यायला नको वाटतं. टाचांना चालेल.

झाडाचं मात्र भान ठेवायचं. तुमच्या सोसायटीमागच्या नाल्याकडेला ते हाताच्या पंजासारख्या पानांचं झाड उभं आहे, तो एरंडच. त्याची काटेरी बोंडं वाळून तडकली की खाली बिया सांडतात. चकचकीत, तपकिरी-करड्या नक्षीच्या, टोकाला बारीकसा कोंब असल्यासारखा दाणा. दिसायला इतक्या देखण्या की मुली सागरगोटे म्हणून उचलतात. अख्खी बी गिळली तर पुष्कळदा तशीच बाहेर पडते, कारण टरफल कडक असतं. चावली तर धोका. उलट्या, पोटात मुरडा, जुलाब काही तासांनी सुरू होतात, आणि रिसिनवर उतारा म्हणून औषध नाही. सलाइन लावून शरीराला सांभाळणं एवढंच डॉक्टर करू शकतात. म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही, उरलेली बी पिशवीत घालून सरळ मोठा दवाखाना गाठायचा.

मोगली एरंड ते वेगळंच झाड. तो कुंपणाला लावतात, बी काळी आणि खायला शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून शाळेतली पोरं एकमेकांना वाटून खातात आणि मग रांगेने उलट्या करत दवाखान्यात. त्याच्या विषातला एक भाग तेलातही उतरतो, त्यामुळे मोगली एरंडाचं तेल कुठल्याच कारणाने घरात नको.

आणि भावोजींनी गच्चीतल्या कुंड्यांना एरंडीची पेंड घालायला सुरुवात केली आहे म्हणे. खत उत्तम आहे, गुलाबाला तर फारच. पण विष पेंडीत राहतं हे आत्ताच सांगितलं ना? कुत्र्यांना तिचा वास आवडतो, ती माती उकरून खातात आणि मरणाच्या दारात जातात. तुमच्या मोत्याला गच्चीवर मोकळं सोडत असाल तर पेंड बंद करा, शेणखत घाला. गोणी उघडताना धूळ नाकात जाऊ देऊ नका. तिची ॲलर्जी येते, दम्याच्या माणसाला तर जास्तच.

केसांचं विचारलंस. एरंडेलाने केस वाढतात याला धड पुरावा नाही. लावल्यावर केस दाट दिसतात हे खरं, कारण तेल जाड आहे आणि केसाभोवती बसून राहतं. दुखणं त्या जाडीतच आहे. पाण्याच्या शेकडो पट दाट असं हे तेल. लांब केसांना डोकंभर थापलं आणि दुसऱ्या दिवशी शाम्पूने चोळलं तर गुंता होतो, आणि कधी असा होतो की सुटतच नाही. २०१७ साली त्वचारोगाच्या डॉक्टरांनी अशी एक हकीकत छापली होती. २० वर्षांची मुलगी, लांबसडक केस, खोबरेलात एरंडेल मिसळून लावलं, धुतल्यावर सगळ्या केसांचा एक कडक गठ्ठा झाला आणि शेवटी कात्री लावावी लागली. तुला लावायचंच असेल तर चार भाग खोबरेलात एक भाग एरंडेल, बोटांच्या टोकांनी फक्त मुळाशी, तासाभरात धुऊन टाक, आणि धुताना केस डोक्यावर गोळा करून घासू नको. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतील तेव्हा घाबरून अर्धी बाटली ओतशील, म्हणून आत्ताच सांगते. ते गळणारच असतात आणि वर्षभरात आपोआप भरून येतात. 'जमैकन ब्लॅक' म्हणून तिप्पट भावाला जे विकतात, तेही भाजलेल्या बियांचं एरंडेलच.

आणि बेंबी. बेंबीतून तेल आत जाऊन यकृत धुऊन निघतं, पाळी सुधारते, चष्मा जातो... चिमे, तू बीएस्सी आहेस गं!

बाटलीचं काम आता. पहिलं डाळीचं. वर्षाची तूरडाळ आली की परातीत किलो-दोन किलो घ्यायची, तळहातावर एरंडेल घ्यायचं, किलोला जेमतेम चमचाभर, आणि दोन्ही हातांनी डाळ वरखाली करत चोळत राहायचं. सुरुवातीला तेल एकाच जागी लागतं, काही दाणे ओले आणि बाकीचे कोरडे दिसतात. दहाएक मिनिटं चोळल्यावर सगळ्या डाळीला एकसारखी झिलई येते आणि मुठीतून सोडली की दाणे एकमेकांना किंचित धरून पडतात. तेवढं झालं की थांबायचं. मग कापडावर पसरून ऊन द्यायचं आणि कोरड्या डब्यात भरायचं. किडा दाण्यावर अंडी घालतो, तेलाच्या थराने त्या अंड्यांना हवा मिळत नाही आणि ती उबतच नाहीत. पावडरी आणि गोळ्या डब्यात टाकण्यापेक्षा हे शंभर वेळा बरं. शिजवण्याआधी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवायची, बस. आपल्या मामेबहिणीला न्यू जर्सीच्या भारतीय दुकानात 'ऑइली' तूरडाळ दिसली तेव्हा तिला वाटलं डाळीवर काही सांडलंय. बहुतेक वेळा ते एरंडेलच असतं.

टाचा, ओठ, कोपर यांना हे तेल झकास. ओठांचं आश्चर्य वाटू देऊ नको. बऱ्याच लिपस्टिकच्या कांड्यांत एरंडेल असतं. टाचांना रात्री लाव आणि लगेच मोजे घाल. आधीच पोटामुळे तोल जातोय, त्यात एरंडेलाच्या पायांनी फरशीवर चाललीस तर बाळंतपणाआधी हाडवैद्य गाठावा लागेल. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस बघ, काहींना पुरळ येतं. आईच्या गुडघ्याला एरंडाचं पान तेल लावून, तव्यावर शेकून बांधतेस ते चालू दे. पानाचा गुण किती आणि शेकाचा किती ते मला माहीत करून घ्यायचं नाही, तिला झोप लागते.

मग पोटात कुणीच घेऊ नये का? तसं नाही. धडधाकट मोठ्या माणसाने एखाद वेळी, वेष्टनावर लिहिलंय तेवढंच, घ्यायला हरकत नाही. दोन ते सहा तासांत परिणाम दिसतो, म्हणून झोपताना घ्यायचं नाही. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड होतं ते होतंच, वर सुंठीचा काढा घेतला तर जरा सुसह्य. बाटलीवर 'आयपी' अशी अक्षरं हवीत, म्हणजे औषधी दर्जाचं. दिव्यासाठी आणि कारखान्यासाठी निघणारं एरंडेल वेगळं. आपल्या देशात, त्यातही गुजरातेत, जगात सगळ्यांत जास्त एरंडी पिकते. त्यातली फार थोडी औषधाकडे जाते, बाकीचं वंगण, रंग, साबण, नायलॉनसुद्धा. त्यामुळे सुटं, बिनलेबलचं तेल पोटाला नाही.

पोट दुखत असेल, का दुखतंय हे कळलेलं नसेल, उलट्या किंवा ताप असेल, तेव्हा एरंडेल अजिबात नाही. अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाबाचं औषध गेलं तर ते फुटू शकतं. यात गंमत नाही, "पोट साफ झालं की बरं वाटेल" या एका वाक्यापायी माणसं ऑपरेशनच्या टेबलावर उशिरा पोचतात. आणि रोजची सवय तर नाहीच. आठवडाभर घेऊनही पोट अडलेलंच असेल तर ते एरंडेलाचं दुखणं उरत नाही, डॉक्टरचं होतं. नेहमीच्या बद्धकोष्ठाला पाणी, पालेभाजी, इसबगोल.

यावरून अण्णांचं सांगते, कारण ते तुला सांगणार नाहीत. त्यांना बीपीसाठी लघवी होण्याची गोळी चालू आहे, शरीरातलं पोटॅशियम तिनेच कमी होतं. त्यात ते दर रविवारी 'कोठा साफ' म्हणून एरंडेल घेत होते, शिवाय रात्री गंधर्वहरीतकी. ती म्हणजे एरंडेलात परतलेला हिरडा, पण डबीवर हे कोण वाचतं! उठताना चक्कर येते म्हणून मागच्या महिन्यात कुरकुर करत होते ते आठवतंय ना? डॉक्टरांना सगळं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही बंद करायला लावलं. हरीतकी त्यांनी निमूट सोडली. एरंडेलाची बाटली मात्र देव्हाऱ्यामागे सापडली, ती मी उचलून आणली आणि सगळी तुरीला लावून टाकली. त्यांनी फोनवर तुला विचारलंच, तर तुला काही माहीत नाही.